कायदा कडक करायचा की लोकांना शहाणं करायचं?

विट्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या पालकसभेत त्यांना 'सप्लिमेंट'च्या गोळ्या-पावडरींवर थोडं बोलायचंय. अकरावीतला त्यांचा मुलगा जिमला जातो आणि प्रोटीनचे डबे संपवतो. सासूबाई गुडघ्यांसाठी आठवडी बाजारातली 'आयुर्वेदिक' पुडी दोन वर्षं घेतायत आणि तिच्याशिवाय आपल्याला उठवत नाही म्हणतात. मॅडमनी विचारलंय, "यावर सरकारनं कायदा कडक करायला हवा, की लोकांनाच शहाणं करायला हवं? सभेत मी कशावर जोर देऊ?"

मॅडम, मी सांगलीत मेडिकल चालवतो. फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे सासूबाईंना नक्की काय झालंय हे मी इथून सांगणार नाही. पण हा माल कुठून येतो, कोण विकतं आणि घरी गेल्यावर त्याचं काय होतं हे रोज बघतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा माल मीही विकतो आणि औषधांपेक्षा यात सुटतं जास्त. माझं बोलणं तेवढं लक्षात ठेवून ऐका.

'कायदा की शिक्षण' असं विचारलं की सभेत दोन गट पडतात आणि तेवढ्यात चहा येतो. मी तो प्रश्न जरा फिरवून विचारतो. हा धोका कुणाला दिसू शकतो? काही धोके डब्याच्या आत असतात. गिऱ्हाइकाला कितीही शिकवा, ते त्याला दिसणार नाहीत. काही धोके तुमच्या स्वयंपाकघरात, सकाळच्या चहाबरोबर घडतात. तिथे इन्स्पेक्टर कधीच पोचणार नाही. तुमच्या घरात दोन्ही जातीचे धोके आहेत, म्हणून उत्तर लांबणार.

आधी 'आपल्याकडे कायदाच नाही' हा समज काढून टाकू. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे. त्याखाली हेल्थ सप्लिमेंट आणि न्यूट्रास्युटिकल (आरोग्यासाठी म्हणून विकले जाणारे अन्नघटक) यांसाठी २०१६ साली वेगळे नियम निघाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशी ओळ हवी, सांगितलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नये हा इशारा हवा, एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा संस्थेचा १४ आकडी क्रमांक हवा. हार्मोन किंवा स्टेरॉइड घालायला सरळ मनाई आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. मधुमेह मुळापासून घालवतो, लकवा बरा करतो असल्या जाहिरातींवर तर १९५४ पासून बंदी आहे. बाजारातल्या लाउडस्पीकरपर्यंत ती अजून पोचायचीय, इतकंच.

खरा घोळ एकसारख्या दिसणाऱ्या वस्तूंना तीन वेगवेगळे नियम लागू होतात, यात आहे. माझ्या काउंटरवर कॅल्शियमच्या तीन पट्ट्या शेजारी ठेवतो. पहिलीच्या मागे औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक आहे, म्हणजे ती औषध. ती विकायला मला परवाना लागतो आणि तिच्या किमतीवर सरकारची नजर असते. दुसरीवर एफएसएसएआयचा क्रमांक आहे, म्हणजे ती अन्न, कायद्याच्या हिशेबात बिस्किटाच्या ओळीतली. औषधांचं किंमत नियंत्रण तिला लागू नाही आणि किराणा दुकानातही ती ठेवता येते. तिसरीत शंखभस्म, प्रवाळभस्म आहे, ती आयुर्वेदिक औषध. ती बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. तिन्ही पट्ट्या चकचकीत, तिन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीवर येतात आणि गिऱ्हाईक तिन्हींना 'कॅल्शियमची गोळी' म्हणतं. कंपनीला ज्या वाटेनं कमी अडथळे, त्या वाटेनं ती येते, यात नवल नाही. ही सरमिसळ निस्तरायला, म्हणजे यातला काही माल अन्नाकडून औषधाच्या कायद्याकडे न्यावा का हे बघायला, केंद्रानं २०२४ मध्ये समितीही नेमली.

आता डब्याच्या आतले धोके. २०२४ मध्ये केरळमधल्या एका यकृततज्ज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकले जाणारे ३६ प्रोटीन सप्लिमेंट तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळपास ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळत नव्हतं. सुमारे १४ टक्क्यांमध्ये बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन सापडलं. तुमच्या मुलाला लेबल वाचायला कितीही उत्तम शिकवा, तो वाचणार काय? छापलेला खोटा आकडा! १४ आकडी क्रमांक खरा निघाला तरी त्यातून कंपनीला परवाना आहे एवढंच कळतं. हा डबा कुणी तपासला असा त्याचा अर्थ होत नाही. पालकसभेत नव्वद टक्के लोकांना हे माहीत नसेल.

सासूबाईंची पुडी त्याहून गडद आहे. गुडघेदुखीच्या बेनामी पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन ही स्टेरॉइडं, जोडीला डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक, हा जुना उद्योग आहे. 'शुगरच्या' पावडरीत मेटफॉर्मिन किंवा ग्लिबेनक्लामाइड, 'ताकदीच्या' कॅप्सुलात सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध), वजन उतरवणाऱ्या चहात सिब्युट्रामिन. हे सिब्युट्रामिन हृदयाच्या धोक्यामुळे अमेरिकेत २०१० मध्ये आणि आपल्याकडे २०११ मध्ये बंद झालं, तरी पावडरीतून जगभर सापडत राहिलं. पुडी लागू पडते ती याच कारणानं. तीन दिवसांत गुडघा हलका करणारी जडीबुटी मी तरी पाहिलेली नाही. स्टेरॉइड मात्र तीन दिवसांत करतं. पुढे चेहरा गोल होतो, साखर वाढते, कातडी पातळ होऊन नुसतं टेकलं तरी काळेनिळे डाग पडतात, आणि घरचे म्हणतात, बघा, अंगावर कशा भरल्यात!

हे ओळखायला प्रयोगशाळाच लागते, आणि प्रयोगशाळेला जे शोधायला सांगाल तेच ती शोधते. प्रोटीन किती, ओलावा किती, एवढं विचारलं तर अहवाल स्वच्छ येतो आणि आतलं स्टेरॉइड तसंच राहतं. म्हणून मी नव्या कायद्यापेक्षा नमुन्यांची मागणी करतो. किती नमुने घेतले, कशासाठी तपासले, कोणत्या ब्रँडचा कोणता बॅच नापास झाला, हे जिल्ह्याच्या पातळीवर लोकांना वाचता येईल असं जाहीर व्हायला हवं. २००६ च्या कायद्याचं कलम ४० सामान्य खरेदीदारालाही अन्नाचा नमुना फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यायची मुभा देतं. नमुना नियमात बसणारा नसेल तर फी परत मिळते. एकच गंमत आहे. मी हे तपासायला देणार आहे, असं खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. हे वाक्य बोलून बघा आणि समोरचा कुठला डबा काढून देतो ते पाहा.

सांगलीकरांना पटेल असं एक उदाहरण देतो, कारण विषय हळदीचा आहे. बांगलादेशात काही व्यापारी हळकुंडाला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट लावत, म्हणजे शिशाचा पिवळा रंग. ते लोकांच्या रक्तात उतरत होतं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांमध्ये शिसं सापडलं, २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. संशोधकांनी आधी शिसं रक्तात कुठून येतं ते सिद्ध केलं आणि त्याची बातमी झाली. अन्न सुरक्षा यंत्रणेनं व्यापाऱ्यांना ताकीद दिली, घाऊक बाजारात हातात धरायचं क्ष-किरण यंत्र घेऊन अधिकारी गेले, रंगवलेली हळद विकणाऱ्यांना जागेवर दंड झाला आणि तेही टीव्हीवर आलं. घरातल्या बाईला 'शिसं ओळखायला शिका' असं कुणी सांगितलं नाही. ते ओळखताच येत नाही. तिला एवढंच कळलं की फार पिवळीधमक हळद चांगली असतेच असं नाही. इथे शिक्षण आणि दंड एकाच वेळी, एकाच साखळीच्या दोन टोकांना लागले. मार्केट यार्डात हळदीचा सौदा ज्यानं पाहिलाय त्याला रंगाला भाव कसा चढतो ते सांगायला नको.

उलट अमेरिका बघा. १९९४ च्या त्यांच्या कायद्यानं सप्लिमेंटला विक्रीआधी मंजुरीची गरज ठेवली नाही. माल धोक्याचा आहे हे सरकारनं सिद्ध करायचं. गिऱ्हाइकाला माहिती द्यायला लेबल आहे, त्यावर 'या दाव्याची सरकारी तपासणी झालेली नाही' अशी ओळही आहे. तरी इफेड्रा नावाची वजन उतरवणारी वनस्पती बंद व्हायला २००४ साल उजाडलं. मधल्या काळात झटके, हृदयविकार आणि मृत्यूच्या तक्रारी साचत होत्या. लोक शिकलेले होते, इंग्रजी वाचणारे होते, आणि सावधगिरीची ओळ डोळ्यांसमोर होती. त्या ओळीनं फार काही अडलं नाही.

इथवर वाचून मी कायद्याच्या बाजूचा आहे असं वाटेल. पण माझ्या काउंटरवर येणारी तक्रार बहुतेक वेळा अस्सल, परवानाधारक, डब्यावर लिहिलेलंच आत असलेल्या मालाची असते.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची कॅप्सूल घ्या. ती सहसा आठवड्याला एक, सहा-आठ आठवडे, अशी असते. आजोबा घरी जातात, बीपीची गोळी रोज, तशी ही पण रोज. चार गोळ्यांची पट्टी चार दिवसांत संपते, चिठ्ठी हातात असतेच, दुसऱ्या दुकानातून आणखी येते. दोन-तीन महिन्यांनी मळमळ, बद्धकोष्ठता, भूक गेलेली, रक्तात कॅल्शियम वाढलेलं आणि किडनीवर ताण. तपासणी मिरजेत होते. कायदा यात काय करणार? माल उत्तम होता. म्हणून मी पट्टी देताना मागच्या चंदेरी बाजूवर मार्करनं प्रत्येक गोळीखाली 'रवि' लिहितो. रविवारीच घ्यायची. पाच सेकंदांचं काम आहे आणि कुठल्याही पत्रकापेक्षा ते जास्त लागू पडतं.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बायका सकाळी तिच्याबरोबरच लोह किंवा कॅल्शियम घेतात. दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. मग रिपोर्ट बिघडतो, डॉक्टर डोस वाढवतात. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांचं तर आणखी विचित्र. बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडेच चुकीचे येतात, हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीचेही. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेनं २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. बाई ठणठणीत असते आणि कागदावर आजारी दिसते. लॅबमध्ये 'कुठली औषधं चालू आहेत?' असं विचारलं तर ती 'काही नाही' म्हणते, कारण केसांची गोळी तिच्या लेखी औषधच नाही.

आणि आपली हळद. भाजीतली हळद वेगळी आणि तिच्यातलं कर्क्युमिन हे द्रव्य काढून, त्यात शोषण वाढवायला मिरीचा अर्क घालून केलेली कॅप्सूल वेगळी. इटलीत २०१९ मध्ये अशा सप्लिमेंटनंतर यकृताला सूज आल्याच्या बऱ्याच केसेस नोंदल्या गेल्या आणि लेबलवर इशारा छापायला लावला. कोरोनाच्या काळात गुळवेलीनंतर यकृत बिघडलेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले होते. ज्यांना कधी काही झालं नाही असे हजारो लोक दोन्ही घेतात, हेही खरं. 'नैसर्गिक आहे, बाधत नाही' हे वाक्य मात्र यकृताला माहीत नसतं.

म्हणजे डब्याच्या आतल्या धोक्यासाठी नमुना, प्रयोगशाळा आणि दंड. घरातल्या धोक्यासाठी कुणीतरी विचारणारं, सांगणारं माणूस. पत्रकं आणि व्याख्यानं त्या माणसाची जागा घेत नाहीत. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त सप्लिमेंट घेतं ते सगळ्यात जास्त वाचलेलं गिऱ्हाईक. रील बघून येतं आणि मलाच मॅग्नेशियमचे चार प्रकार समजावून सांगतं.

या दोन्हींच्या मध्ये विकणारा बसलाय आणि त्याच्यावर सभेत कुणी बोलत नाही. जिमचा ट्रेनर डब्यामागे कमिशन घेतो. तालमीत वस्तादाच्या शब्दाबाहेर पोरं जात नाहीत, म्हणून आता माल विकणारे वस्तादालाच गाठतात. आपल्या भागात कुंडलचं मैदान आहे, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं पदक आहे. कुस्तीचं वेड इथं पोरांना शिकवावं लागत नाही आणि नेमकं तेच वेड विकायला सोपं पडतं. माझ्यासारख्या दुकानदाराला दहावर दोन फुकटची स्कीम येते. डॉक्टरांकडेही कंपनीची माणसं जातात. या साखळीत गिऱ्हाईक सोडून सगळ्यांना माहिती असते. तेव्हा जोर द्यायचाच असेल तर मी विकणाऱ्यावर देईन. पक्कं बिल दिल्याशिवाय डबा विकायचा नाही, आणि जिममध्ये ट्रेनरनं माल विकायचा नाही. बिल असलं की तक्रारीला पाय फुटतात, नसलं की दुकानदार 'हा माझा डबाच नव्हे' म्हणतो.

मुलाबद्दल थोडं. निरोगी किडनीच्या पोराला अस्सल व्हे प्रोटीननं सहसा काही होत नाही, ती शेवटी दुधातलीच प्रथिनं. पण किडनीचा त्रास असेल, घरात तसा इतिहास असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे ६० किलोला सुमारे ५० ग्रॅम. वाढत्या वयात आणि व्यायामाला काही जास्त. अंडी, दूध, चणे, शेंगदाणे, उसळ यांतून ते बऱ्यापैकी जमतं. त्याच संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असंच म्हटलंय. डब्याचा महिन्याचा खर्च आणि रोजच्या चार अंड्यांचा खर्च त्यालाच वहीत मांडायला सांगा. घ्यायचंच ठरलं तर बिलासह, आणि परदेशी असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता असलेलं स्टिकर बघून. 'प्री-वर्कआउट' (व्यायामाआधी घ्यायचं) आणि 'टेस्टो बूस्टर' (पुरुषी हार्मोन वाढवतो म्हणून विकलेलं) असं लिहिलेल्या गोष्टी मात्र या वयात नकोतच, तिथे मी मधला मार्ग ठेवत नाही. शिवाय तो स्पर्धेत उतरणार असेल तर डब्यातल्या न लिहिलेल्या स्टेरॉइडसाठीही डोपिंगमध्ये खेळाडूच पकडला जातो.

पालकसभेत तुम्ही दोनच गोष्टी मागा. एक, घरात प्रत्येकानं जे काही घेतो ते, पुडीसकट, एका पिशवीत घालून पुढच्या वेळी डॉक्टरकडे किंवा ओळखीच्या फार्मासिस्टकडे न्यायचं. यादी करू नका, यादीत पुडी कधीच येत नाही. दोन, शाळेच्या लेटरहेडवर अन्न व औषध प्रशासनाच्या सांगलीतल्या कार्यालयाला पत्र द्या, की तालुक्यातल्या जिम आणि आठवडी बाजारातून नमुने घ्या आणि निकाल आम्हाला कळवा. एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा पालकांच्या सह्यांच्या पत्राला उत्तर लवकर येतं.

राहिल्या सासूबाई, आणि हे सभेच्या आधी करा. पुडी आजच्या आज बंद करू नका. आत स्टेरॉइड असेल तर दोन वर्षांत शरीराची स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवायची सवय मोडलेली असू शकते. अचानक तोडलं तर बीपी कोसळणं, उलट्या, प्रचंड थकवा, बेशुद्धी इथपर्यंत जाऊ शकतं. याच आठवड्यात फिजिशियनकडे न्या आणि पुडी सोबत न्या. बीपी, साखर, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि सकाळी आठची कॉर्टिसॉल तपासणी करायची का हे त्यांना विचारा. बंद कशी आणि किती दिवसांत करायची ते तेच ठरवतील. मधल्या काळात ताप आला, उलट्या झाल्या किंवा कुठलं ऑपरेशन निघालं तर पुडीची गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा, दातांच्या डॉक्टरलासुद्धा. सासूबाईंना रागावू नका. त्यांना खरंच आराम पडलेला आहे, आणि रागावलं की पुडी उशीखाली जाते.

न फोडलेल्या दोन-चार पुड्या पाकिटात घालून, वर तारीख टाकून, वेगळ्या ठेवा. ही तक्रार अन्न विभागाकडे जात नाही. औषध म्हणून विकलंय, तेव्हा त्याच कार्यालयातल्या औषध विभागाकडे द्यायची. विकणाऱ्याचं नाव माहीत नसलं तरी गाव, बाजाराचा वार आणि तो कुठल्या कोपऱ्यावर बसतो ते लिहा. तो पुढच्या आठवड्यातही तिथेच बसणार आहे.